दोन मोजेपर्यंत

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज कामावर गेले. पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, सुट्टी शुक्रवारी. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी नेली होती, अर्धी परत आली. येताना चालत आले. पाय सुजले आहेत.

हे जाऊन आज सेहेचाळीस दिवस झाले. मला वार लक्षात राहत नाहीत. परवा दुकानात कोणीतरी आज काय वार म्हणून विचारलं, सांगता आलं नाही. म्हणून आता या वहीत लिहून ठेवणार आहे.

कारखाना प्लास्टिकच्या बादल्या आणि अंघोळीचे मग बनवण्याचा. हे तिथे अकरा वर्षं होते, सहा नंबरच्या मशीनवर. तिथे सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. ते मोठ्या बादल्यांचं. २१ नोव्हेंबरला त्याच मशीनच्या साच्यात त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मला एवढंच माहीत आहे.

आम्हाला मूल नाही. जतला सासरी परत जाऊन काय करायचं, म्हणून इथेच बोईसरला राहिले. कंपनीने मला त्यांच्या जागी घेतलं. तीन महिने शिकाऊ. मला तीन नंबर दिलं आहे, मगाचं. सहा नंबर त्याच हॉलमध्ये दुसऱ्या टोकाला आहे. ते चालू आहे. त्याच्यासमोर दुसरा माणूस उभा असतो. मी तिकडे पाहिलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

काम असं. साचा दोन भागांचा. बंद असतो तेव्हा आत गरम प्लास्टिक भरतं. मग हुस्स आवाज होऊन उघडतो. मशीनला काचेसारखा सरकता दरवाजा आहे. तो उघडायचा, आतला मग काढायचा, दरवाजा बंद करायचा, की साचा पुन्हा मिटतो. दरवाजा उघडा असला तर साचा मिटतच नाही, तसं बटण आहे. मगाच्या कडेला राहिलेलं प्लास्टिक सुरीने कापायचं आणि तो मग खोक्यात. तोपर्यंत पुढचा तयार.

लिहिताना सोपं वाटतं. मला जमत नाही. उजव्या हाताने मग काढते तेव्हा डावा दरवाजा विसरतो. दरवाजा आठवला की सुरी कुठे ठेवली ते आठवत नाही. आज चारशे दहा झाले. पाळीला नऊशे लागतात.

शेजारच्या चार नंबरवर चिमी आहे. जव्हारकडची, इथे बारा वर्षं झाली. तिच्याकडे मला शिकवायचं काम दिलं आहे. ती हाताकडे बघत नाही. माझ्याशी बोलत असते, खिडकीबाहेर बघते आणि हात चालूच.

"वहिनी, हाताकडं नका बघू," म्हणाली. "हाताला लाज वाटते."

मी तरी बघत राहिले तर म्हणाली, "मशीन काय नवरदेव हाय, असं टक लावून बघायला?" आणि पटकन खोकी रचायला वळली. दुपारी तिच्या डब्यातली सुकटीची चटणी न विचारता माझ्या पोळीवर ठेवली.

११ जानेवारी, शनिवार

अंकुश सरांनी पाळी सुटताना ऑफिसात बोलावलं. ते आमच्या पाळीचे प्रमुख. ह्यांच्यासोबतच लागले होते, आमच्याकडे दोनदा जेवून गेलेत.

कागद टाइप केलेला होता. "कै. प्रदीप यांनी कंपनीच्या सूचनांविरुद्ध, स्वतःच्या सवयीने, दरवाजा उघडा असताना चालू मशीनमध्ये हात घातला." खाली माझ्या सहीची जागा.

मी म्हटलं, हे असं करणार नाहीत.

"ताई, मलाही बरं वाटत नाही. पण झालंय तसंच."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी नव्हतो तिथे. पण दुसरं काय असणार?"

मी सही केली नाही. सरांनी, असं करणं शक्यच नाही, एवढंच माझं म्हणणं सरकारी कचेरीत पाठवायला लिहून घेतलं. हे घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघायचे. स्टेशनात कितीही घाई असली तरी रूळ ओलांडले नाहीत, पुलावरूनच जायचे, मलाही ओढून न्यायचे. असा माणूस चालू मशीनमध्ये हात घालेल हे मी कशी लिहून देऊ? मशीनच बिघडलं असणार. बटण खराब झालं असणार. कोणीतरी ते शोधून काढलं पाहिजे.

मरणाऱ्याच्या माथी मारायचं आणि मोकळं व्हायचं. पेन सरांच्या टेबलावर ठेवून निघून आले.

१९ जानेवारी, रविवार

सहाशे चाळीस.

एक गोष्ट लक्षात आली. आदल्या दिवशी कितीही प्रयत्न केला तरी जे जमत नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं जमतं. मी मध्ये काही केलेलं नसतं. फक्त झोपलेली असते. आणि झोपही धड नसते.

चिमी म्हणाली, साचा उघडण्याचा आवाज कानात बसला की हात आपोआप चालतो. आता तो आवाज घरीही ऐकू येतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी वाफ सुटते ती तशीच.

२ फेब्रुवारी, रविवार

सातशे दहा. गेले आठ दिवस सातशे दहा, सातशे वीस, सातशे पाच. पुढे सरकत नाही. अंकुश सर रोज आकडा वहीत लिहितात आणि पुढे जातात. शिकाऊ मुदत ५ एप्रिलला संपते. तोवर नऊशे झाले नाहीत तर ठेवणार नाहीत.

मी चिमीला विचारलं, माझं काय चुकतं आहे?

"काय नाय चुकत. दरवाजा उघडून, बंद करून एवढेच होतात."

"मग तुझे साडेनऊशे कसे?"

तिने इकडेतिकडे बघून पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्याची घडी केली आणि माझ्या दरवाज्याच्या बटणात दाबून बसवली. दरवाजा उघडाच राहिला आणि साचा मिटला.

"आता हे थांबणार नाय. उघडंल, दोन मोजेपर्यंत उघडं राहील, मिटंल. मग सुटून खाली पडला तर बरंच. अडकला तर एकाच्या ठोक्याला आत दोन बोटं आनि टिचकी. अशी. पकडायचा नाय, वहिनी. पकडायला गेलं की वेळ जातो. नुसती टिचकी."

तिचा हात आत गेला आणि बाहेर आला तो मला दिसलाच नाही. अडकलेला मग मात्र खाली पडला.

मी विचारलं, मोठ्या मशीनवरही असंच करतात का?

"सहा नंबरवर नाय करत कोन," चिमी म्हणाली. तेव्हा ती खोक्यातले मग मोजत होती.

खरंच आहे. बादलीला टिचकी मारून काय होणार? मगाचं वेगळं.

३ फेब्रुवारी, सोमवार

टिचकी जमत नाही. भीती वाटते. हात आत जायच्या आधीच मागे येतो. सातशेसुद्धा झाले नाहीत.

चिमी मागे उभी राहून मोजत होती. "एक म्हनायच्या आधी हात आत जायला निघाला पायजे. तुमी एक ऐकता आनि मग निघता."

घरी आल्यावर कपाटाच्या सरकत्या दाराशी उभी राहून पन्नास वेळा केलं. कोणी पाहिलं असतं तर वेडी समजलं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आठशे साठ.

कसं झालं सांगता येणार नाही. चिमी तिच्या दिराच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. वरात निघाली आणि नवराच सापडेना, तो भावाची मोटरसायकल सुरू होत नाही म्हणून ती ढकलायला गेला होता. मी हसले. हसताना कळलं की मी तीन मग काढले आहेत आणि हाताकडे पाहिलेलंच नाही.

२१ नोव्हेंबरनंतर मी आज पहिल्यांदा हसले. घरी येऊन त्याचं वाईट वाटलं. पण हातांना चांगलं वाटत होतं. हे कसं लिहावं कळत नाही. बाकी सगळी मी बधिर आहे आणि हात मात्र जिवंत आहेत असं काहीतरी.

१६ फेब्रुवारी, रविवार

नऊशे दहा. अंकुश सरांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "शाबास. घरचाच हात आहे." मग घाईने पुढच्या मशीनकडे गेले.

जेवताना ताटातलं मिरचीचं देठ मी दोन बोटांनी टिचकी मारून बाहेर उडवलं. हेही गेली काही वर्षं असंच करायचे. देठ भिंतीला चिकटायचं आणि मला राग यायचा. त्यांची सवय मला आता कशी लागली? एकत्र राहून लागते म्हणतात, पण इतक्या उशिरा?

भिंत पुसली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पाच नंबरवर नवी बाई आली आहे, भाग्यश्री. पालघरहून येते. दोन लहान मुली आहेत, त्या आईकडे ठेवते. हातात हिरव्या बांगड्या मनगटभर. चिमीकडे आता दोन मशीन आहेत म्हणून सरांनी शिकवायचं काम मला दिलं. मला! दीड महिन्यापूर्वी मला दरवाजा आठवत नव्हता.

तिला म्हटलं, हाताकडे बघू नकोस. हाताला लाज वाटते. ती हसून हसून खाली बसली.

५ मार्च, बुधवार

भाग्यश्री चलाख आहे. मला महिना लागला ते तिने आठवड्यात उचललं. तिचंही सातशेवर अडलं तेव्हा मीच पुठ्ठ्याची घडी करून दिली. "एक म्हणायच्या आधी हात निघाला पाहिजे," मी सांगत होते, आणि चिमी आपलं मशीन सोडून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, चुकीचं सांगतेय का?

"नाय," म्हणाली. "बरोबर तसंच."

अंकुश सरांनी पुन्हा तो कागद काढला. अपघाताचे सरकारी चौकशी अधिकारी पुढच्या आठवड्यात येणार आहेत, त्याआधी सही झाली तर सगळ्यांना सोपं. मी म्हटलं, मी अधिकाऱ्यांनाच सांगेन की माझे यजमान असं करणारे नव्हते.

"ठीक आहे ताई," म्हणाले. ते रागावले नाहीत. बघितलं तर डोळे भरले होते. मला समजलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे. क्रमाने लिहिते.

सकाळी गेले तर सगळ्या मशीनच्या बटणातले पुठ्ठे काढलेले होते. अंकुश सर म्हणाले, आज पाहुणे आहेत, दरवाजे बंद ठेवून काम करा, आकडा सहाशे झाला तरी चालेल. चिमीने सांगितलं, पाहुणे आले की दर वेळी असंच असतं.

मशीन सुरू झाली. हुस्स आवाज झाला आणि माझा हात दरवाज्यावर आपटला. बोटांची पेरं, ठक्क करून. दरवाजा बंद आहे हे मला माहीत होतं. मीच तो बंद केला होता. तरी पुढच्या वेळी पुन्हा ठक्क. मी मनाशी म्हटलं, आता दरवाजा आधी. साचा उघडला. ठक्क.

मग मला दुसरीकडूनही आवाज ऐकू आला. चार नंबरवर चिमीचा. पाचवर भाग्यश्रीचा, ती हात झटकत होती. एकवर, दोनवर. सगळ्या हॉलमध्ये ठक, ठक, ठक. कोणाचाच हात थांबत नव्हता. बारा-बारा वर्षं काम केलेल्या बाया, आणि बंद दरवाज्यावर पेरं आपटत होत्या.

आणि तो आवाज टोकावरूनही येत होता. सहा नंबरवरून. तिथे जो माणूस उभा असतो, गोमा, त्याचाही हात.

मी पहिल्यांदा तिकडे पाहिलं.

अधिकारी दारात उभे होते. त्यांनी अंकुश सरांना काहीतरी विचारलं. सर म्हणाले, मशीनचा आवाज आहे. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

मला ते काही विचारायला आले तेव्हा मी म्हटलं, आज नको. त्यांनी कोळगावच्या जिल्हा कचेरीची तारीख दिली, १८ मार्च. सावकाश या म्हणाले. माझ्या हाताकडे पाहिलं. दोन पेरांतून रक्त आलं होतं.

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत चिमीला विचारलं, "टिचकी कोणी काढली?"

"डबा खा, वहिनी."

"कोणी?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "भाऊंनी. चार वर्सं झाली. तवा नऊशेचा आकडा आला, कोनाचाच होईना. दोन बायांना काढून टाकलं. भाऊंनी शोधली ती, आनि मग एकेकीला शिकवली. मागं उभं राहून मोजायचे. मी मोजते ना, तशी. त्यांचंच हाय ते सगळं. हाताला लाज वाटते, ते बी."

मी माझाही डबा बंद केला.

"आमी तिला भाऊंची टिचकीच म्हनायचो. तुमी आलात तवापासून नुसती टिचकी म्हनतो."

"तू म्हणालीस सहा नंबरवर करत नाहीत."

"काय सांगनार होते मी? तुमी अशा माझ्याकडं बघत होता." मग म्हणाली, "त्यांनी आमच्यासाठी काढली, वहिनी. त्यांचं काय वाईट बोलू नका."

मी दुपारी परत मशीनवर उभी राहिले. पुठ्ठे पुन्हा बसवलेले होते. नऊशे वीस झाले. मी काहीच केलं नाही. हातच करत होते.

१३ मार्च, गुरुवार

गॅसचं बटण दोनदा बघणारे हेच. मी तो माणूस आणि हा माणूस शेजारी उभे करून पाहते, ते एक होत नाहीत. आणि मग स्वतःकडे पाहते. मीही पुलावरूनच जाते.

त्यांना तरी कळलं असेल का की हात निघाला? मला तर कळत नाही. आवाज होतो आणि हात परत आलेला असतो. मधलं मला आठवतच नाही. त्यांचंही मधलं त्यांना कळलं नसेल, असं मी धरून चालते. दुसरं काही धरायला नाही.

१५ मार्च, शनिवार

पुठ्ठा काढून टाकला. दरवाजा उघडून, बंद करून काम केलं. शिकायला महिना लागला, पण विसरायचं कसं ते कोणी शिकवत नाही. दिवसभर पेरं आपटत राहिली. शेवटी पेरांना फडकं बांधलं. सहाशे दहा. अंकुश सर म्हणाले, "ताई, मुदत पाच एप्रिलला आहे." मी म्हटलं, माहीत आहे.

भाग्यश्रीला सांगितलं, तूही काढ तो पुठ्ठा. मी चुकीचं शिकवलं.

"आता काय म्हनता ताई? परवाच नऊशे झाले माझे." ती हसत होती.

दुपारी दोनच्या सुमारास तिच्या मशीनमधून कडकड आवाज आला. माझा जीव गेला. मी पोचले तेव्हा ती हात छातीशी धरून उभी होती. हात शाबूत होता. साच्याच्या कडेत तिच्या बांगड्या सापडल्या होत्या. पांढऱ्या मगात हिरवी काच बसून बाहेर आली.

"दोनच गेल्या," ती म्हणाली आणि तो मग मला हसत दाखवला. "बघा, डिझाइन आलं."

मी तिच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. मी आजवर कोणावर हात उगारलेला नाही. तोही हात माझ्या आधी निघाला.

१८ मार्च, मंगळवार

रजा घेऊन कोळगावला गेले. पालघर स्टेशनहून रिक्षाने. मोठ्या कचेऱ्या आहेत, तिसऱ्या इमारतीत खोली सापडली.

काल संध्याकाळी चिमी घरी आली होती. बसली नाही. "माझं नाव नका घेऊ," म्हणाली. मी म्हटलं, नाही घेणार. "आनि भाऊंचं पन नका." ते मी कबूल केलं नाही. ती चप्पल घालून निघून गेली.

अधिकाऱ्यांनी बसायला सांगितलं. मी म्हटलं, त्या दिवशी ठकठक ऐकलीत ती मशीनची नव्हती. मग सांगितलं. नऊशेचा आकडा, दोन काढलेल्या बाया, पुठ्ठा, पाहुण्यांच्या दिवशी पुठ्ठे कोण काढायला लावतं ते. त्यांनी विचारलं, कसं करता ते दाखवाल? मी उठून टेबलासमोर उभी राहिले आणि तोंडाने साच्याचा आवाज केला. हात गेला आणि आला. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा दाखवायला सांगितलं नाही.

मग मी स्वतः लिहिलं. "माझ्या यजमानांनी चालू मशीनमध्ये हात घातला. ही सवय त्यांनी स्वतः काढली आणि इतरांना शिकवली, कारण दिलेला आकडा त्याशिवाय होत नाही. कंपनीला हे माहीत होतं. ही सवय मला लागली. मी ती भाग्यश्री यांना शिकवली."

त्यांनी जुनी फाइल उघडली. "जानेवारीत तुमचं म्हणणं वेगळं होतं. तुम्ही म्हणाला होतात, ते असं करणं शक्यच नाही."

"तेव्हा मला ते काम येत नव्हतं," मी म्हटलं.

सही केली. डावीकडे तारीख घातली.

१९ मार्च, बुधवार

सकाळी गेटवर सांगितलं, पुढचं कळवेपर्यंत येऊ नका. सहा आणि पाच नंबर बंद ठेवलेली आहेत, बाकीची चालू. चिमी आत जाताना दिसली. तिने मान वर केली नाही. भाग्यश्री थांबली. म्हणाली, "सगळ्यांचे दरवाजे बंद करून घेतायत. आकडा अजून नऊशेच हाय." मग म्हणाली, "ताई, लई जोरात मारली तुमी." आणि आत गेली.

परत आले. दार उघडं टाकून थोडा वेळ नुसती बसले. मग रेशनचे तांदूळ काढले. त्यात खडे फार निघतात. ताटात पसरून उजेडाला बसले आणि दुपारपर्यंत निवडले.